दुसरा कंट्रोलर

भाचा तासन्‌तास गेम खेळतो आणि भाची शेजारी बसून नुसती बघते, हे पाहून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "पोरीला तिचा स्वतःचा कंट्रोलर आणलास, तरच मी या घराची पायरी चढेन," असं बजावून तिने आपल्या दादाला ओढतच दुकानात नेलं.

तिथे दादाने आधी पोरासाठीच नवा कंट्रोलर निवडण्यात अर्धा तास घालवला. पकड कशी आहे, बटणं जड नाहीत ना, चार्जिंग किती वेळ टिकतं, सगळं विचारून झालं. पोरीच्या कंट्रोलरची वेळ आली, तेव्हा मात्र तो दुकानदाराच्या कानाशी वाकला. "एखादा बिघडलेला पडून असेल तर द्या. फक्त वायरलेस बघा."

"बिघडलेला?" आत्या कडाडली. "अरे, जनाची नाही तर मनाची तरी! लहानपणी आपण दोघं रोज खेळायचो. मी रोज हरायचे, पण माझ्या हातात कंट्रोलर तरी असायचा!"

 

"असायचा की," दादा हसला. "त्याची वायर मी कुठेच न जोडता टीव्हीमागे नुसती खोचून ठेवायचो. तुला तरी कधी कळलं?"