माळ्यावरचे काळे डाग

"खिडक्या बंद, पंखे बंद. मी सांगेपर्यंत काहीही उघडायचं नाही," शिडी टेकवत बुरशीवाला म्हणाला.

चिमणीची आई खिडक्या लावायला गेली. आठ वर्षांची चिमणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. परवा आंघोळ करताना ती न्हाणीघरातच चक्कर येऊन पडली. गेले चार महिने, म्हणजे या घरात राहायला आल्यापासून, हेच चाललं होतं. सकाळी आंघोळ झाली की डोकं धरायचं, मळमळायचं. शाळेत गेली की दुपारपर्यंत बरं वाटायचं. बाप म्हणायचा, शाळा बुडवायची सोंगं आहेत. परवापासून त्यानं तो शब्द काढला नव्हता. मग काल त्यानं माळ्यावर डोकावून पाहिलं आणि काळे डाग दिसले. ही बुरशीच, असं धरून त्यानं आज बुरशी काढणाऱ्याला बोलावलं होतं.

"पोरगी वाचेल ना हो?" आजीनं सरळच विचारलं.

"आजी, बावीस वर्षं हेच करतोय. संध्याकाळपर्यंत घर स्वच्छ करून देतो."

"या घरात आला होतात का कधी?"

"या रांगेत येऊन गेलोय. सगळी घरं एका साच्यातली, कुठलं कुठलं लक्षात ठेवू? मला घर लक्षात राहत नाही, बुरशी राहते."

माळ्याच्या झडपेभोवती त्यानं प्लास्टिक चिकटवलं, म्हणजे वरची घाण खाली पडायला नको. मग मास्क, चष्मा, हातमोजे. कचऱ्याच्या पिशवीवर लाल मेणाच्या पेन्सिलीनं तारीख घातली, खाली सही केली आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या.

"हे कशाला?" आईनं विचारलं.

"माझ्या कामावर माझी सही असते, ताई. उद्या दुसऱ्याची घाण माझ्या नावावर नको."

आई जरा घुटमळली. "घर विकणारे म्हणाले होते, घर रिकामं पडलं होतं तेव्हा त्यांनी माळा साफ करून घेतला होता."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात? वर चढून बघितलं नाहीत?"

बुरशीवाल्याला लोकांच्या निष्काळजीपणाची मनापासून चीड होती, आणि ती बोलून दाखवायला तो कधी मागेपुढे पाहत नसे.

"कुणीतरी हात झटकून गेलाय. असल्या माणसाला या पोरीसमोर उभं करायला हवं. बरं, घासायला दोन बादल्या कढत पाणी काढून ठेवा."

तो वर चढला. न्हाणीघराच्या बरोबर वर वासे काळेकुट्ट झाले होते. गॅस गीझरचा धूर वाहून नेणारा पत्र्याचा पाइप तिथूनच वर येऊन भिंतीकडे गेला होता. त्यानं ओल मोजायचं यंत्र लाकडाला लावलं. काटा हललाच नाही. यंत्रावर दोन चापट्या मारल्या, तरी नाही.

"सेल उतरले," तो पुटपुटला.

खालून गीझर पेटल्याचा आवाज आला. बादलीत पाणी पडू लागलं.

त्यानं डागावर फवारा मारला आणि घासायला सुरुवात केली. डाग निघायच्या ऐवजी पसरला. हातमोज्यावर काजळासारखी पूड आली. त्याचं डोकं जड झालं होतं. सकाळपासून पोटात काही नाही, त्याचंच असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

नवशिके ब्लीचचा थेंब टाकून बघतात. बुरशी असेल तर डाग मिनिटाभरात फिका पडतो, काजळी असेल तर तसाच राहतो. त्याला या थेंबाची गरज कधीच पडली नव्हती. आज त्यानं तो टाकला आणि घड्याळाकडे पाहत बसला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. डाग काळाच राहिला.

त्यानं बॅटरी पाइपवर मारली. पाइपचं तोंड भिंतीतल्या भोकाशी होतं, आणि ते भोक कुणीतरी, ओल आत येऊ नये म्हणून, फोमनं गच्च बुजवलं होतं. धूर बाहेर जातच नव्हता. तो माळ्यावर कोंडत होता आणि तिथून परत न्हाणीघरात उतरत होता. मास्क बुरशी अडवतो, गॅस नाही.

"ताई! गीझर बंद करा! खिडक्या उघडा!"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात..."

"उघडा म्हणतोय ना! पोरगी कुठंय?"

खालून आईची किंकाळी आली. आई भरलेली बादली शिडीपाशी ठेवून येईपर्यंत चिमणी मदतीला म्हणून दुसऱ्या बादलीपाशी जाऊन उभी राहिली होती, आणि आता ती नळाखाली आडवी पडली होती.

खिडक्या धडाधड उघडल्याचं, फरफटत पावलं अंगणाकडे गेल्याचं बुरशीवाल्यानं वरून ऐकलं. देवा, पोरीला काही होऊ देऊ नकोस, एवढंच तो म्हणत राहिला. बऱ्याच वेळानं अंगणातून ओकारीचा आवाज आला आणि पाठोपाठ मोठ्यानं रडणं. इतकं गोड रडणं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

त्यानं खरवडणी घुसवून भोकातला फोम उचकटला. तो अख्खा बोळा हातात आला. बाहेरची हवा भसकन आत शिरली.

डॉक्टरकडे न्यायला बाप रिक्षा घेऊन यायचा होता. तोवर आजीनं चिमणीला चादरीत गुंडाळून शिडीखाली आणलं. पोरीचा चेहरा पांढराफटक होता, पण डोळे उघडे होते.

"देवासारखे आलात," आजी म्हणाली. "काकांना नमस्कार कर गं."

चिमणीनं वर पाहिलं. "काका, ते भोक कुणी बुजवलं होतं?"

बुरशीवाल्यानं हातातला बोळा उजेडात धरला आणि अंगठ्यानं त्यावरची काजळी पुसली. आधी दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली, लाल पेन्सिलीतली. मग सही. मग सहीखालच्या दोन रेघा.