जिवंतपणाची चाचणी

“हसा,” फोनने पुन्हा फर्मावले. रुग्णालयाच्या पलंगावरचे वडील छताकडेच पाहत राहिले.

डोळे मिचकावून झाले होते. मान डावीकडे वळवून झाली होती. ती अर्थात थोरल्या मुलाने वळवली होती. हसण्यापाशी मात्र घोडे अडले. पडद्यावर सूचना आली: आता एकच प्रयत्न शिल्लक.

“तुझंच यंत्र ना हे?” थोरला धाकट्यावर करवादला. “मग सांग की त्याला, घरचंच काम आहे म्हणून.”

धाकट्याने फोन पुन्हा वडिलांच्या चेहऱ्यासमोर धरला. चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ही चाचणी त्यानेच रचली होती. कॅमेऱ्यापुढे छायाचित्र धरून कुणी परस्पर व्यवहार उरकू नये, झोपेतल्या माणसाचा चेहरा कुणी वापरू नये, एवढ्यासाठी. पापण्या गुंगीतही लवतात, मान कुणीही वळवू शकतो. हसू बाहेरून आणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. चाचणीची मर्यादाही त्याला नेमकी ठाऊक होती. चेहरा मालकाचा आहे आणि जिवंत आहे, एवढेच ती सांगे. मालकाच्या मनात काय आहे, हा तिचा विषयच नव्हता. आज दोघांची सारी भिस्त त्या मर्यादेवर होती.

कारण घर विकायला वडिलांचा साफ नकार होता. “मी आहे तोवर ते राहील,” हे पक्षाघातापूर्वीचे त्यांचे शेवटचे वाक्य. नंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. याच घराच्या वाटणीवरून भावांचे फाटले होते. एक भेटायला आला की दुसरा तिकडे फिरकत नसे. आता गिऱ्हाईक मिळाले होते, त्याने दिलेली मुदत आज संपत होती, आणि दोघे एकाच गाडीतून आले होते.

“बाबा, हसा ना जरा,” म्हणत थोरल्याने त्यांच्या गालाला बोट लावले.

“बोट काढ, दादा. लगेच पकडेल ते. तू इकडे ये, फोन दोघं मिळून धरू. हात हलला तर हाही प्रयत्न वाया जाईल.”

थोरला पलंगाला वळसा घालून आला. दोघे वडिलांवर ओणवले. खांद्याला खांदा लागला, डोक्याला डोके टेकले.

वडिलांची नजर छतावरून खाली उतरली. थोरल्यावर थांबली, धाकट्यावर गेली, पुन्हा थोरल्याकडे आली. ओठांचा धड असलेला कोपरा थरथरला, वर चढला. हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले.

‘ओळख पटली. विक्रीस मालकाची संमती नोंदवली आहे.’

“सुटलो बाबा एकदाचे!” थोरल्याने धाकट्याच्या पाठीत थाप मारली.

तेवढ्यात खालून घोगरा, अडखळता आवाज आला.

“बोलायला लागलात… होय रे… दोघं? चला मग… आता घरी जाऊ.”