वीतभर

दुपारच्या सामसुमीत फाटकाची कडी खळकन वाजली, तशी राजेश्वरी लेकीची, धनूची, वेणी अर्धी टाकून अंगणात आली; मागोमाग धनूही. अंगणावर लोंबणारी विजेची तार वर ओढून घ्या म्हणून तिनं दोन वर्षं उंबरे झिजवले, पण कुणी फिरकलं नाही. शेवटी धनूच्या काळजीनं सासऱ्यांनी तारेला वाळक्या बांबूचा टेकू दिला, आणि काय आश्चर्य, आज वीज खात्याचे साहेब जातीनं तिसगावात हजर!

"परवानगीशिवाय लाईनला टेकू? दंड भरावा लागेल, बाई."

"साहेब, तार पोरीच्या डोक्याला लागंल हो."

"लागली का?"

"आजून तरी न्हाई."

"मग झालं तर!"

साहेबांनी दंडाची पावती फाडली आणि वायरमनला बांबू काढायला लावला. तार नियमाप्रमाणे आपल्या जागी आली, धनूच्या डोक्यापासून जेमतेम वीतभर वर. तारेखालून नीट वाकून जाताना साहेबांनी धनूचा गालगुच्चा घेतला.

"लवकर मोठी हो हं, बाळा!"



धनूनं तारेकडं बघितलं, मग आईकडं.

"आई, होऊ का गं मोठी?"