वासावरून

नव्यानं आलेल्या कुंदानं कारखान्यातल्या टाकाऊ रसायनांच्या प्रत्येक पिंपावर लेबल चिकटवलं. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. बावीस वर्षं तीच पिंपं सांभाळणाऱ्या दगडूमामांचा जळफळाट झाला.

“मला वासावरून कळतं. कागद कशाला?” म्हणत त्यांनी तिच्यादेखत दोन लेबलं टराटरा फाडली.

“मग सांगा मामा, यातलं थिनर कुठलं?”

मामांनी एका पिंपाचं झाकण सैल करून वास घेतला. मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा. कुंदा दारातच नाकाला ओढणी लावून खोकत होती. मामांना मात्र कुठलाच वास येईना.

त्यांनी दोन्ही झाकणं घट्ट लावली. मग वाकून फाटलेल्या लेबलांचे तुकडे गोळा केले.

“लिही परत,” ते हळूच म्हणाले. “चिकटवतो मी. मॅनेजरांना काही सांगू नकोस.”