अप्पांची साखर

बोटातून थेंबभर रक्त घेऊन तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या नव्या यंत्राने अप्पांची साखर वाढलेली दाखवली. लॅब चालवणारी त्यांची लेक पाहुण्यांसमोरच त्यांच्यावर उखडली, "चोरून गोड खाता आणि वर नाही म्हणता?" साखरेचा डबाही तिने कुलपात ठेवला.

आज यंत्राची पारख करायला तिने अप्पांसकट बऱ्याच जणांचं रक्त मोठ्या लॅबमध्येही तपासून घेतलं. यंत्र सगळ्यांचीच साखर वाढवून दाखवत होतं. अप्पांची तर अगदी आटोक्यात होती.

मान खाली घालून ती घरी आली. माफी मागायला तोंड उघडणार, तोच अप्पा हळूच म्हणाले,



"तू म्हणतेस तर खात असेन गं मी चोरून. हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही."