सत्काराचे तबक

अंगणात गाडी थांबली तेव्हा अयोध्याच्या कढईतले दूध नेमके घट्ट होऊ लागले होते. तिने दाराकडे मान वळवली. पुण्याच्या पर्यटन कंपनीच्या निकिता मॅडम अकरा वाजता यायच्या होत्या. आता कुठे दहा वाजत होते. नवरा भागवत खुर्च्या आणायला भूमला गेलेला. लेक अंगणवाडीत. घरात ती आणि सासू धुरपदाबाई, दोघीच.

भट्टीशेजारच्या ओट्यावर तबक तयार होते. त्यात शाल, नारळ आणि झेंडूचा हार. धुरपदाबाईंनी तो काल मुद्दाम बाजारातून मागवला होता. पण हार घालायला दोन्ही हात लागतात, आणि अयोध्याचे दोन्ही हात उलथन्याच्या लांब दांड्यावर होते. दूध आटून रवाळ होऊ लागले की हात थांबवता येत नाही. चार श्वासांपुरता हात थांबला तरी खवा बुडाला लागतो, आणि एकदा लागलेल्या खव्याचा वास काही केल्या जात नाही.

“अगं, ऊठ की! पाव्हणी दारात हुबी हाय,” धुरपदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना स्वतःला भिंतीच्या आधाराशिवाय उठता येत नव्हते.

“आत्याबाई, हात न्हाय सोडता येत.”

“मग करपू दे की एक कढई! एका कढईपायी सालभराचं घालवतीस व्हय?”

सालभराचे म्हणजे काय, हे अयोध्याला कोणी सांगायला नको होते. मॅडमना भट्टी पसंत पडली तर तुळजापूरला येणाऱ्या प्रवाशांच्या दोन बसगाड्या दर आठवड्याला इकडे वळणार होत्या. लोक भट्टी पाहणार, दुपारी भाकरी खाणार, जाताना खवा नेणार. तीन महिने ती मॅडमना फोनवर फोटो पाठवत होती, त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला जपून उत्तर देत होती. गेल्या वर्षी भट्टी बंद पडली, तेव्हा ती आणि भागवत ऊसतोडीला गेले होते. पाच महिन्यांनी परतल्यावर चार वर्षांची आरोही आजीच्या पदराआड लपली होती. आईने हाक मारली तरी बाहेर आली नव्हती. परवा ऊसतोडीचा मुकादम पुन्हा विचारायला येणार होता. कोयते अजून आढ्याला खोचलेलेच होते.

धुरातून वाट काढत निकिता आत आली. तिने नाकाला रुमाल लावला होता.

“नमस्कार. अयोध्याताई तुम्हीच ना?”

“व्हय.” मान वर झाली नाही.

निकिताने इकडेतिकडे पाहिले. बसायला काही नव्हते, आणि कोणी बसा म्हणालेही नाही. “एका कढईला साधारण किती वेळ लागतो?”

“थांबा जरा!”

शब्द तोंडातून गेला आणि अयोध्याने जीभ चावली. पाहुणीला, तीही अशा पाहुणीला, आपण थांबा म्हणालो! भिंतीजवळून धुरपदाबाईंचा सुस्कारा ऐकू आला. निकिताने एकदा तबकाकडे पाहिले, एकदा कढईकडे. वहीत दोन शब्द लिहिले. मग ती बाहेर पडली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज गल्लीतून दूर गेला.

“गेली,” धुरपदाबाई म्हणाल्या. “झालं तुझ्या मनासारखं? घे आता कोयता.”

अयोध्याचे डोळे भरून आले. आता करपला काय नि न करपला काय, असे तिच्या मनात येऊन गेले. तरीही मनगट फिरतच राहिले. खवा कढईची कड सोडून मध्ये गोळा झाला, तेव्हा तिने फडक्याने कढई खाली उतरवली. मग पदराने डोळे पुसले.

“माझ्या गाडीमुळे दुधाचा टेम्पो अडला होता,” दारातून आवाज आला. निकिता उभी होती. तिच्या खांद्याला पिशवी होती. “गाडी वडाखाली लावून आले. आता बोलायचं ना?”

अयोध्या धडपडत तबकाकडे धावली. हार उचलून ती निकितासमोर आली.

“मॅडम, चुकलं माझं. म्या तुमाला बसा म्हणलं न्हाय, घोटभर पाणी न्हाय इचारलं. लई चुकलं.”

निकिताने तिच्या हातातला हार हळूच काढून परत तबकात ठेवला. कढईपाशी उकिडवी बसून तिने चिमूटभर गरम खवा तोंडात टाकला आणि क्षणभर डोळे मिटले. मग पिशवीतून कराराचा कागद काढला. नावाची जागा अजून कोरी होती. कागदापाठोपाठ तिने तीन छोटे डबे काढले, ओट्यावर मांडले आणि एकेकाचे झाकण उघडले. तिन्हींतल्या खव्यात तपकिरी-काळे कण होते. करपट वास भट्टीच्या धुरातही वेगळा कळत होता. एका डब्यात झेंडूची पाकळी चिकटून आली होती.

“काल तीन भट्ट्या पाहिल्या,” ती म्हणाली. “तिथंही सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच पोचले होते.”

अयोध्याला काही उमगेना. “आन् मग?”

“तिन्ही ठिकाणी माझा सत्कार झाला.”