उजवा खांदा

"हळू लाव नं वं, मुसळ हाय का तुहा हात?" उजव्या खांद्याला आंबेहळद लावताना हे रोज कुरकुरायचे.

यांना जुन्या लष्करी बंदुकांचा नाद. घरात पाच आहेत. मी त्यांना सवती म्हणते. पाचवी महायुद्धातली, दिवाळीत आणलेली. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केली आहे. तरी तेव्हापासून हे दुपारी झोपून उठले की यांच्या खांद्यावर निळा डाग दिसायचा, बरोबर बंदुकीच्या दस्त्याएवढा.

डॉक्टर म्हणाले, "बंदुकीचा धक्का बसला की असं होतं. चालवता का?" आम्ही हसलो. लेक काजल म्हणाली, "पोतं उचललं असन बाबांनी." मी ती बंदूक पेटीत घालून कुलूप लावलं. डाग येतच राहिला. मी हळद उगाळत राहिले. दुसरं काय येतं मला?

आज मात्र खांदा स्वच्छ होता. इतकं बरं वाटलं, की मी हळदीची वाटी आत ठेवायला उठले.

यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि सदऱ्याची बटणं सोडली. छातीवर, डावीकडे, रुपयाएवढा गोल निळा डाग होता.

"आज बंदूक माह्या हातात नव्हती वं," हे म्हणाले. "आज मी समोर होतो."